कंपनी तीच, काम दुसरं : अर्ज करण्याआधी पगाराची स्लिप बघा

चौल (ता. अलिबाग) : सकाळी चौल नाक्यावर थांबलं की कंपनीत जाणाऱ्यांच्या दोन दिशा दिसतात. काही जण अलिबागकडे, थळच्या आरसीएफला किंवा उसरच्या गेलला जातात. बाकीचे रेवदंड्याचा पूल ओलांडून साळावला. कोणी पंधरा वर्षं एकाच मशीनवर आहे, कोणी स्टोअरमध्ये चिकटला तो तिथंच राहिला, कोणी शिफ्टला कंटाळलाय. गुडघे दुखायला लागले, मुलं दहावीला आली, घरी नारळ-सुपारीच्या वाडीकडे बघायला माणूस नाही, अशी कारणं असली की मनात येतं, कंपनी सोडायची नाही, पण काम बदलून मिळालं तर बरं.

असा बदल मागता येतो. मोठ्या कंपन्यांमध्ये त्यासाठी रीतसर अर्ज निघतात. एचआरची माणसं त्याला आयजेपी, म्हणजे इंटर्नल जॉब पोस्टिंग म्हणतात. सरकारी आणि निमसरकारी ठिकाणी 'विभागीय उमेदवार' हा शब्द आहे. अर्ज भरणं तसं सोपं आहे. अडचण येते ती नंतर, जेव्हा ग्रॅच्युइटी, पीएफ, सिनिऑरिटी यांचा हिशेब बसतो तेव्हा. तो हिशेब एकाच गोष्टीवर ठरतो : आज पगार देणारा मालक कागदावर कोण आहे, आणि नव्या पदावर पगार देणारा मालक कोण असणार आहे.

स्लिपवर नाव कोणाचं?

गावात कोणालाही विचारलं तर तो कंपनीचंच नाव सांगतो. गेट पासवर कंपनीचं नाव असतं, हेल्मेटवर असतं, कधी गणवेशावरही असतं. पण पगाराच्या स्लिपवर डोक्याला जे नाव छापलेलं असतं तोच कायद्याने मालक. तिथं ठेकेदाराचं नाव असेल तर तो माणूस कंत्राटी कामगार आहे, मग तो त्या कारखान्यात दहा वर्षं का जात असेना.

कंत्राटी कामगारासाठी कंपनीची अंतर्गत जाहिरात सहसा नसते. ती कंपनीच्या स्वतःच्या पटावरच्या माणसांसाठी काढलेली असते. त्यामुळे टाइम ऑफिसच्या बोर्डावर कागद बघून अर्ज दिला आणि उत्तरच आलं नाही, असं बऱ्याच पोरांचं होतं. त्यात त्यांच्या लायकीचा प्रश्न नसतो, दार वेगळं असतं. कंत्राटी कामगारांसाठी १९७० चा कायदा होता, आणि त्यात ठेकेदाराने पगार थकवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर टाकलेली होती. पण म्हणून कंपनी त्याची मालक होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली स्टील अथॉरिटी ऑफ इंडियाच्या खटल्यात तर असंही स्पष्ट केलं, की कंत्राटी पद्धत सरकारने बंद केली तरी कामगार आपोआप कंपनीच्या पटावर येत नाहीत. कंत्राट हा नुसता देखावा होता हे सिद्ध झालं तर गोष्ट वेगळी, पण ते औद्योगिक न्यायाधिकरणापुढे सिद्ध करावं लागतं आणि त्याला वर्षं लागतात.

अशा कामगाराने बाहेरच्यांसाठी निघणाऱ्या जाहिरातीवर लक्ष ठेवावं. मधल्या काळात दोन गोष्टी जपाव्यात. प्रत्येक ठेकेदाराकडून कामाचा दाखला घ्यायचा, त्यात कोणत्या प्लांटमध्ये, कोणत्या कामावर आणि कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत हे लिहून घ्यायचं. आणि ठेकेदार बदलला की पीएफच्या पासबुकात आधीच्याची नोकरी सोडल्याची तारीख चढली का हे बघायचं. ठेका संपून ठेकेदार निघून गेल्यावर दाखला मागायला कुठं जाणार?

एक नाव, तीन प्रकार

स्लिपवर कंपनीचंच नाव आहे, असं धरून पुढे जाऊ. नवीन पद तीन प्रकारचं असू शकतं.

पहिला प्रकार सरळ आहे. त्याच कंपनीत दुसरा विभाग, किंवा दुसरं युनिट. आरसीएफचे ट्रॉम्बे आणि थळ असे दोन कारखाने आहेत, मालक एकच. थळहून ट्रॉम्बेला गेलं किंवा प्लांटमधून स्टोअरला आलं तरी नोकरी तीच चालू राहते. अशा बदलात राजीनामा द्यायचा प्रश्नच नसतो. बदलीचं किंवा नव्या नेमणुकीचं पत्र मिळतं. एखाद्या खासगी ठिकाणी 'आधी राजीनामा टाका, मग नवीन ऑर्डर देतो' असं कोणी म्हणालं तर तिथंच थांबायचं आणि कारण लेखी मागायचं.

दुसरा प्रकार फसवा. मोठ्या समूहात स्टीलची एक कंपनी, सिमेंटची दुसरी, विजेची तिसरी, बंदराची चौथी असते. बोर्डावरचा लोगो सारखाच, कँटीनमधलं जेवणही सारखंच, पण प्रत्येक कंपनीची नोंदणी वेगळी. समूहातल्या दुसऱ्या कंपनीत गेलं की कायद्याने मालक बदलला. तेव्हा सेवा अखंड राहणार की नव्याने सुरू होणार, हे फक्त पत्रावर काय लिहिलंय त्यावर ठरतं.

तिसऱ्या प्रकारात माणूस जागेवरच असतो आणि कंपनीच बदलते. याला साळावपेक्षा जवळचं उदाहरण नाही. तिथला स्पंज आयर्नचा कारखाना विक्रम इस्पात या नावाने ग्रासिमचा, म्हणजे बिर्ला समूहाचा होता. आजही चौल-रेवदंड्यात जुनी माणसं 'बिर्लात होतो' असंच म्हणतात, आणि टेकडीवरचं गणपतीचं देऊळ बिर्ला मंदिरच राहिलं. २००९ साली तो कारखाना वेलस्पनकडे गेला, त्याचं वेलस्पन मॅक्सस्टील झालं. २०१४ साली जेएसडब्ल्यू स्टीलने तो घेतला. गेट तेच, रस्ता तोच, पण बोर्डावरचं नाव बदलत गेलं. पेण तालुक्यातल्या डोलवीचंही तसंच. इस्पात इंडस्ट्रीजचा कारखाना २०१० साली जेएसडब्ल्यूकडे गेला.

कारखाना असा एका मालकाकडून दुसऱ्याकडे जातो तेव्हा कामगारासाठी कायद्यात सोय आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ती होती, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. नोकरीत खंड पडता कामा नये, अटी पूर्वीपेक्षा वाईट होता कामा नयेत, आणि पुढे कधी कपात झाली तर नव्या मालकाने जुनी वर्षं धरून भरपाई दिली पाहिजे. या तिन्हीपैकी एक जरी गोष्ट होणार नसेल, तर कामगाराला कपातीची भरपाई मागता येते. म्हणून ज्यांचा मालक असा बदललाय त्यांनी पहिलं नेमणूकपत्र आणि मालक बदलताना मिळालेलं पत्र, दोन्ही जपून ठेवावीत. अंतर्गत पदाच्या अर्जात 'एकूण सेवा' हा रकाना असतो. तिथं आताच्या कंपनीची वर्षं लिहायची की सुरुवातीपासूनची, हा प्रश्न याच कागदांवर सुटतो.

ग्रॅच्युइटीचा हिशेब करूनच बघा

ग्रॅच्युइटीचं सूत्र सोपं आहे. शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता घ्यायचा, त्याला १५ ने गुणायचं, २६ ने भागायचं, आणि जितकी वर्षं झाली तितक्याने गुणायचं. नेहमीच्या कायम कामगाराला त्यासाठी एकाच मालकाकडे सलग ५ वर्षं लागतात. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेने ठरावीक मुदतीच्या करारावर घेतलेल्यांना एका वर्षानंतर प्रमाणात ग्रॅच्युइटी दिली आहे, पण कायम कामगाराची ५ वर्षांची अट आहे तशीच आहे. भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग आता पगारात धरायचा, असंही नव्या संहितेत आहे. खालच्या उदाहरणांत ते बाजूला ठेवलंय.

समजा एकाने एका कंपनीत ४ वर्षं काढली, मूळ आणि महागाई मिळून १६,००० रुपये. मग समूहातल्याच दुसऱ्या कंपनीत जागा मिळाली म्हणून राजीनामा देऊन गेला. तिथं ४ वर्षं झाली आणि नोकरी सुटली. पगार तोच धरला तरी ८ वर्षांचे ७३,८४६ रुपये व्हायला हवे होते. हातात येतात शून्य, कारण दोन्हीकडे ५ वर्षं पुरी नाहीत.

दुसरं उदाहरण जास्त वर्षांचं. एकाने १२ वर्षं काढली, सोडताना पगार १८,०००. त्याला १,२४,६१५ रुपये ग्रॅच्युइटी मिळाली, तो खूश. दुसऱ्या कंपनीत १० वर्षं, शेवटचा पगार ३०,०००, तिथले १,७३,०७७. दोन्ही मिळून २,९७,६९२. आता सेवा अखंड धरली असती तर २२ वर्षं आणि शेवटचा पगार ३०,०००, म्हणजे ३,८०,७६९. फरक ८३,०७७ रुपयांचा. जुनी १२ वर्षं नव्या पगाराने गुणली गेली असती, तेवढंच कारण. सोडताना हातात पडलेला चेक मोठा वाटतो आणि माणूस इथंच फसतो.

समूहातल्या दुसऱ्या कंपनीत जाणाऱ्याने म्हणून पत्रावर एक ओळ मागून घ्यावी : आधीच्या कंपनीतली सेवा अमुक तारखेपासून अखंड धरली जाईल आणि ग्रॅच्युइटी, रजा, सिनिऑरिटी त्याप्रमाणे मोजली जाईल. इंग्रजी पत्रात 'कंटिन्युइटी ऑफ सर्व्हिस' असे शब्द असतात. ते शब्द पत्रावर नसतील, नुसते साहेबांच्या तोंडी असतील, तर त्याचा उपयोग नाही. साहेबांची बदली आधी होते.

पीएफचं त्यामानाने सोपं झालंय. यूएएन नंबर जन्मभर एकच. त्याच कंपनीत विभाग बदलला तर काहीच बदलत नाही. मालक बदलला, किंवा दोन युनिटांचे पीएफ कोड वेगळे असले, तर नवीन मेंबर आयडी तयार होतो आणि जुन्याची रक्कम त्यात वळवून घ्यावी लागते. उमंग अॅपवर पासबुक दिसतं. तिथं जुन्या खात्याला सोडल्याची तारीख आहे का हे बघावं, ती नसली की ट्रान्सफर अडकतं. काही कंपन्यांचा पीएफ सरकारी कार्यालयाऐवजी त्यांच्या स्वतःच्या ट्रस्टकडे असतो, तिथं कागद ट्रस्टकडून हलावे लागतात. जुन्या खात्यातले पैसे काढून घर दुरुस्त करू, असा मोह होतो. पेन्शनचा भाग काढला तर ती वर्षं पेन्शनच्या मोजणीतून जातात, आणि पीएफच्या पेन्शनला किमान १० वर्षं लागतात. काढायचीच वेळ आली तर पैशांऐवजी स्कीम सर्टिफिकेट घ्यावं, त्याने वर्षं टिकतात.

महिला कर्मचाऱ्यांसाठी आणखी एक. प्रसूती रजेसाठी आधीच्या १२ महिन्यांत त्याच मालकाकडे ८० दिवस काम झालेलं असावं लागतं. गरोदरपणाच्या आसपास समूहातल्या दुसऱ्या कंपनीत जायचं असेल तर सेवा अखंड धरण्याची ओळ जास्तच महत्त्वाची ठरते.

ऑपरेटरचा ऑफिसर झाला आणि पगार कमी आला

वरच्या पदाला अर्ज करताना कोणी हा हिशेब करत नाही. कामगाराला ठरलेल्या तासांपेक्षा जास्त थांबलं तर दुप्पट दराने ओव्हरटाइम मिळतो. देखरेखीच्या किंवा व्यवस्थापनाच्या पदावर तो सहसा मिळत नाही, पण थांबावं लागतंच.

समजा पगार २४,००० आहे. २६ दिवस आणि ८ तास धरले तर तासाला ११५ रुपये, ओव्हरटाइमला २३० च्या वर. महिन्याला ३० तास ओव्हरटाइम होत असेल तर ६,९२३ रुपये सुटतात. सुपरवायझर झाल्यावर पगार ५,००० ने वाढला, तर घरी येणारी रक्कम १,९२३ रुपयांनी घटली. पुढे वाढ होते, ग्रेड मिळतो, हे खरं. पण ज्याने ओव्हरटाइमच्या भरवशावर गाडीचा किंवा घराचा हप्ता बसवलाय त्याने पहिल्या दोन वर्षांचं गणित आधी करावं.

दुसरी गोष्ट, देखरेखीच्या पदावर पगार महिना १८,००० च्या वर गेला की औद्योगिक संबंध संहितेत तो माणूस 'कामगार' राहत नाही. म्हणजे काढून टाकलं तर कामगार न्यायालयाचा जो रस्ता होता तो बंद होतो. युनियनचा पगारकरारही त्याला लागत नाही. नुसतं पदाचं नाव बदलून काम तेच राहिलं असेल तर न्यायालयं काम काय होतं ते बघतात, नाव नाही. म्हणून अर्जासोबत आलेलं कामाचं वर्णन, म्हणजे जॉब डिस्क्रिप्शन, फेकून देऊ नये.

ईएसआयमध्ये असलेल्यांना तिसरा फटका. त्याची मर्यादा महिना २१,००० रुपये पगाराची आहे. बढतीने पगार त्यावर गेला तर चालू सहामाही संपेपर्यंतच वर्गणी कापली जाते. सहामाही एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च अशी धरतात, म्हणजे मे महिन्यात पगार वाढला तर ३० सप्टेंबरपर्यंत. घरात डायलिसिस, कॅन्सर असं मोठं दुखणं असेल तर कंपनीचा मेडिक्लेम घरच्यांना, विशेषतः आई-वडिलांना लागू आहे का, हे विचारूनच हो म्हणावं.

ज्याला शिफ्ट झेपत नाही, किंवा ज्याला पुढे चढत जायचंय, त्याच्यासाठी ऑफिसरपद चांगलंच आहे. फक्त आकडे दोन्हीकडचे समोर हवेत.

जाहिरात कुठं लागते, अडते कुठं

जुन्या ठिकाणी टाइम ऑफिसचा बोर्ड, आता बहुतेक कंपन्यांत एचआरचं पोर्टल किंवा मोबाइल अॅप. प्लांटमधल्या माणसाला पोर्टलचा पासवर्ड माहीत नसतो, आणि तारीख निघून गेल्यावर कळतं. पासवर्ड आजच सुरू करून घ्यायला हरकत नाही, त्याला जागा निघायची वाट बघायला नको.

अटी कंपनीगणिक वेगळ्या, पण साधारण सारख्या. आताच्या पदावर ठरावीक काळ झालेला हवा, चौकशी किंवा चार्जशीट चालू नसावी, मागच्या वर्षाचा शेरा बरा हवा. आणि विभागप्रमुखाची सही. खरं घोडं इथं अडतं. चांगल्या माणसाला कोणताच विभागप्रमुख सोडायला तयार नसतो. 'माणूस कमी आहे, शटडाउन तोंडावर आहे, पुढच्या वेळी बघू.' यावर भांडून उपयोग होत नाही. आपल्याजागी कोण तयार होऊ शकतो आणि त्याला किती दिवस शिकवू, हे स्वतःहून घेऊन गेलेल्याला सही लवकर मिळते. साहेबांना तिसऱ्याकडून कळण्याआधी आपण सांगणं हेही तितकंच गरजेचं. चौलसारख्या गावात तर नाक्यावरची गोष्ट संध्याकाळच्या आत प्लांटला पोचते.

काही कामांना इच्छा पुरत नाही, सरकारी कागद लागतो. बॉयलर हाउसला जायचं तर बॉयलर अटेंडंटचं प्रमाणपत्र, द्वितीय किंवा प्रथम श्रेणीचं. विजेच्या कामावर देखरेख करायची तर विद्युत पर्यवेक्षकाचा परवाना. या परीक्षांना बसायला त्या त्या कामाचा अनुभव दाखवावा लागतो, म्हणून आधी त्या विभागात मदतनीस म्हणून का होईना जाऊन वर्षं भरणं, हाच रस्ता असतो.

शिक्षणाचंही तसंच. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय झालेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. पण नोकरी करता करता शिकायचं तर दोन गोष्टी आधी तपासाव्यात : कंपनीची लेखी परवानगी, आणि तो अभ्यासक्रम त्या पदाला चालतो का. पत्राने केलेली इंजिनिअरिंगची पदवी बहुतेक ठिकाणी चालत नाही. फी भरून, तीन वर्षं घालवून हे कळलेली माणसं प्रत्येक कारखान्यात सापडतात.

अर्जात काय लिहायचं

बाहेरचा उमेदवार आणि आतला उमेदवार यांच्यात आतल्याकडे एक जादा गोष्ट असते, त्याला कारखाना माहीत असतो. पण अर्जात तेच राहून जातं. 'मी १४ वर्षे प्रामाणिकपणे सेवा करीत आहे, तरी माझा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा' अशा अर्जाने निवड करणाऱ्याला काही कळत नाही. त्याऐवजी असं लिहिता येतं : 'पंपहाउसला ६ वर्षे शिफ्टमध्ये काम. त्यातील ३ वर्षे वर्क परमिट घेणे व बंद करणे माझ्याकडे. स्टोअरमधून सुटे भाग काढताना साहित्य कोड व किमान साठा यांची माहिती. संगणकावर इंडेंट भरता येतो.' स्टोअरच्या जागेसाठी हा अर्ज चार ओळींचा असला तरी भारी पडतो. मराठीत लिहिला तर चालेल का हे जाहिरातीत बघावं. पोर्टलवर इंग्रजीत भरायचं असेल तर घरातल्या शिकलेल्या पोराकडून टाइप करून घ्यावं, पण मजकूर स्वतःचा असावा, कारण मुलाखतीत त्यावरच विचारतात.

'सध्याचं काम का सोडताय?' हा प्रश्न हमखास येतो. तब्येत हे कारण असेल तर लपवू नये, कंपनीच्या डॉक्टरकडे त्याची नोंद असतेच. पण सुरुवात तिथून करू नये. नव्या विभागाला आपला काय उपयोग, हे आधी सांगावं. जुन्या साहेबांची तक्रार अजिबात नको. मुलाखत घेणारे आणि ते साहेब दुपारी एकाच टेबलावर जेवतात.

निवड झाल्यावर सही करण्याआधी पत्रात चार गोष्टी शोधाव्यात. आताचा पगार कमी होणार नाही, म्हणजे वेतन संरक्षण आहे का. सिनिऑरिटी जुन्या तारखेपासून की नव्या विभागात शेवटून. परिवीक्षा किती महिन्यांची. आणि परिवीक्षेत काम जमलं नाही तर जुन्या पदावर परत येता येतं का. यातली सिनिऑरिटी लोक विसरतात. पुढची बढती, क्वार्टर, शिफ्टची निवड, सगळं त्यावर चालतं.

थळ ते ट्रॉम्बे हा प्रवास वेगळा विषय आहे. मांडवा ते भाऊचा धक्का रो-रो २०२० पासून चालू आहे, अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये उघडला, पण चौलहून चेंबूर रोज करण्याचं अंतर नाही. तिकडे खोली, इकडे म्हातारी माणसं, वाडीला पाणी कोण सोडणार, हे प्रश्न अर्ज भरताना येतात तसे मुलाखतीच्या दिवशी नाही, ऑर्डर हातात आल्यावर येतात. मिळालेली बदली नाकारली तर काही ठिकाणी पुढे ठरावीक काळ अर्ज करता येत नाही. नियम आधी वाचलेला बरा.

सरकारी, निमसरकारी नोकरीत असाल तर

इथं 'थ्रू प्रॉपर चॅनेल' हा शब्द कळीचा. सरकारी कंपनीत, पोस्टात किंवा जिल्हा परिषदेत असलेल्याने दुसऱ्या सरकारी जागेसाठी अर्ज केला तर तो आपल्या कार्यालयामार्फत जावा लागतो, किंवा मुलाखतीला ना हरकत प्रमाणपत्र दाखवावं लागतं. गुपचूप अर्ज केला, निवडही झाली, आणि ना हरकत वेळेत मिळालं नाही म्हणून जागा गेली, असं होतं. रीतसर गेलेल्याला तांत्रिक राजीनामा देता येतो, म्हणजे जुनी सेवा पुढे जोडून मिळते. साधा राजीनामा दिला तर जुनी सेवा बुडते.

गावात याचा सगळ्यात जास्त उपयोग ग्रामीण डाकसेवकांना आहे. डाकसेवक हा नियमित केंद्रीय कर्मचारी नसतो, पण त्याला एमटीएस आणि पोस्टमन या पदांसाठी खात्याच्या अंतर्गत परीक्षेला बसता येतं. ती परीक्षा बाहेरच्यांना खुली नसते, त्यामुळे स्पर्धा आतल्यांचीच. ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्यांसाठी जिल्हा परिषदेच्या गट क आणि गट ड च्या १० टक्के जागा आहेत. त्यासाठी पंचायतीतली नेमणूक मंजूर पदावर असल्याची आणि सेवेची नोंद कागदावर हवी. शिपाई किंवा पाणी सोडणारा म्हणून वर्षानुवर्षं राबलेल्याचं नाव ज्येष्ठता यादीत आहे का, हे पंचायत समितीत जाऊन बघता येतं. यादी निघते तेव्हा हरकती घ्यायला मुदत देतात, नाव राहिलं असेल तर त्याच मुदतीत अर्ज द्यायचा.

नाव आलं नाही तर

अंतर्गत पदासाठी नकाराचं कारण सांगण्याची सक्ती खासगी कंपनीवर नाही, पण विचारायला बंदीही नाही. निकालानंतर आठवडाभरात एचआरला दोन ओळींची मेल टाकून कोणती गोष्ट कमी पडली हे विचारावं. प्रमाणपत्र कमी होतं, संगणक येत नव्हता, की जागा आधीच ठरलेली होती, यातलं काहीतरी कळतंच. सरकारी कंपनीत माहितीच्या अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो. आपले स्वतःचे गुण आणि निवडीचे निकष त्यात मागता येतात, आणि उत्तर ३० दिवसांत यायला हवं.

दिलेल्या अर्जाची पोच, जाहिरातीचा फोटो आणि आलेली मेल मोबाइलमध्ये एका फोल्डरला ठेवावी. कंपनीचा मेल आयडी असेल तर स्वतःच्या आयडीवरही एक प्रत पाठवून ठेवावी, कारण नोकरी सुटली की कंपनीचा मेल त्याच दिवशी बंद होतो.